कुलपाची सही

४ फेब्रुवारी

प्रिय बेबी,

काल फोनवर मी तुला एकच गोष्ट दोनदा विचारली आणि दोन्ही वेळा तू मला तुमच्या गळक्या नळाची हकिगत ऐकवलीस. नळ दुरुस्त झाला असेल तर आता माझं ऐक. फोनवर तू निसटतेस म्हणून लिहितेय. उत्तरही लिहूनच पाठव, म्हणजे मला तुझं अक्षर बघता येईल.

माझं काम तुला माहीत आहे. लिलावघरात खेळाडूंच्या सह्या तपासायचं जे टेबल आहे, त्यावर मी बसते. चेंडू, हातमोजे, शर्ट, फोटो, जे येईल त्यावरची सही खरी की खोटी ते मी सांगायचं. मी लिहीन तो शेरा लिलावाच्या यादीत छापला जातो. परवा एका संग्राहकाने गोलकीपरांच्या सह्यांचा मोठा गठ्ठा पाठवला. त्यात आपल्या बाळची कार्डं निघाली. लोक त्याला पत्र लिहितात आणि तुमच्या घरून सही केलेलं फोटोकार्ड जातं ना, तीच. मला आधी आनंदच झाला. म्हटलं, चला, आज भाऊ ऑफिसात भेटायला आला. सहज म्हणून दोन कार्डं टेबलाच्या काचेवर एकावर एक ठेवली आणि काचेखालचा दिवा लावला. दोन सह्यांची एकच सही दिसायला लागली. तिसरं कार्ड ठेवलं, तेही तसंच बसलं.

बेबी, माणसाला एकच सही दोनदा करता येत नाही. कधी वेलांटी लांबते, कधी शेवटचा फराटा आखडतो. दोन सह्या तंतोतंत जुळल्या तर त्या यंत्राने केलेल्या असतात. पेन खरं, शाई खरी, फक्त पेन धरणारा हात लोखंडाचा. भिंगाखाली सगळं दिसतं. पेन टेकलं तिथे एक ठिपका, उचललं तिथे एक ठिपका, आणि मधे पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा दाब. माणसाचा हात कागदाला लागायच्या आधीच चालायला लागलेला असतो, त्यामुळे त्याची रेघ बारीक सुरू होते आणि बारीक होत संपते.

दुसऱ्या कोणाची कार्डं असती तर मी ‘यंत्र’ असा शेरा मारून जेवायला गेले असते. पण हा कुलूप आहे. गोलला कुलूप लावतो म्हणून लोकांनी त्याला ते नाव दिलं, पण ते त्याला मानतात ते नुसतं खेळासाठी नाही. सामना हरल्यावरसुद्धा शेवटच्या पोराला सही देईपर्यंत उभा राहायचा तो. भर मुलाखतीत हाच म्हणाला होता ना, की सही यंत्राने करायची तर गोलही यंत्रालाच अडवू द्या? आता माझ्या शेऱ्याने तेच शब्द त्याच्या तोंडावर फेकले जातील. तो माझा भाऊ आहे हे इथे कोणाला माहीत नाही, आडनावं वेगळी पडली. यादी छापायला जायच्या आत मला काय ते लिहून द्यायचं आहे.

खरं सांग. त्याची कामं बघणाऱ्या त्या मॅनेजरने हे डोक्यात घातलं का? की आमच्या बाळलाच आळस चढलाय?

तुझी
वन्सं


१३ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. नळ दुरुस्त झाला.

तुमचं पत्र वाचून मला हसूच आलं. अहो, यंत्र कसलं नि काय कसलं! हे रोज सकाळी मागच्या खोलीत दार लावून बसतात आणि कार्डांवर सह्या करतात. मी स्वयंपाकघरात असते, मला पेनाचा आवाज ऐकू येतो. इतकी वर्षं सह्या केल्यावर हात एका वळणावर बसणारच की. माझ्या आईचे टाके नाही का, एकासारखा एक पडायचे.

बाकी हे मजेत आहेत. क्लबात पोरांना शिकवायला जाणं सध्या बंद ठेवलंय, गुडघे कुरकुरतात. शर्ट मी सगळे नवीन आणलेत, बटणांऐवजी चिकटपट्टीचे. बूटही बिननाडीचे घेतले. आता त्यांना सुटसुटीत आवडतं. चहा अर्धा कपच घेतात आणि मग पुन्हा अर्धा. मी म्हणते, एकदाच काय तो भरून घ्या, तर म्हणतात, दोनदा प्यायल्याचं समाधान मिळतं. तुम्हाला त्यांचा स्वभाव माहीतच आहे.

तुमच्या कामातलं मला काय कळणार? पण घरच्या माणसावर संशय घेऊ नका एवढीच विनंती. आणि हे फोनवर काढू नका. हे शेजारीच बसलेले असतात, त्यांना उगाच लागेल.

तुमची
बेबी


१८ फेब्रुवारी

बेबी,

तुझ्या पत्रात पाणी मुरतंय. बंद दाराआड कार्डावर चाललेल्या पेनाचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू येतो का गं? ऐकू येते ती मोटर. दुसरं तुझं अक्षर. एरवी तुझ्या ओळी उताराला लागतात, तू मधेच काटतेस, राहिलेला शब्द वर कुठेतरी खुपसतेस. या वेळी एक खाडाखोड नाही. म्हणजे आधी कच्चं लिहिलंस आणि मग उतरवलंस. खरं सांगायला कोणी पत्र दोनदा लिहीत नाही. आणि तुझ्या आईचे टाके मी दिव्यावर धरले असते ना, तर त्यातलेही दोन जुळले नसते.

मला राग आलाय, तो लपवत नाही. चिकटपट्टीचे शर्ट, बिननाडीचे बूट! या वयात ही कसली हौस? क्लब सोडला, पोरं सोडली, आणि घरात बसून यंत्राकडून सह्या करून घेतोय. मोठेपणा अंगात भिनला की माणसाला माणसं नकोशी होतात, हे मी या टेबलावर किती जणांचं बघितलंय. आपला बाळ त्यातला निघेल असं वाटलं नव्हतं.

इकडे साहेब रोज येता-जाता विचारतात, गोलकीपर संपले का? मी भिंग पुसत बसते. जिवाला नुसता घोर लागलाय. ‘यंत्र’ लिहिलं तर भाऊ तोंडावर आपटणार, ‘हाताची’ लिहिलं तर माझ्या आजवरच्या सगळ्या शेऱ्यांवर पाणी पडणार. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

एक कर. त्याला म्हणावं, ताईला स्वतःच्या हाताने पत्र लिही. चार ओळी पुरेत, खाली सही. त्याच्या हाताचा आजचा नमुना मिळाला की मी तो कार्डांशेजारी ठेवून बघेन. त्याला अक्षर गिरवायला मी शिकवलंय, त्याचा हात मला दुसऱ्या कोणी सांगायला नको. कदाचित मीच चुकत असेन. तसं निघालं तर तुझ्यासमोर कान धरीन.

वन्सं


२७ फेब्रुवारी

ताई,

बेबीने सांगितलं. तुझा राग कळला.

मी बरा आहे. कार्डांचं भेटलीस की सांगेन, लिहून जमणार नाही. तोवर भिंगाखाली तुला जे दिसतं तेच लिही. माझ्यासाठी पेन वाकडं करू नकोस.

बाळ


४ मार्च

बेबी,

सोबतचा कागद परत पाठवतेय. तो कोणी लिहिलाय, मॅनेजरने का तू?

मी आशेने पाकीट फोडलं होतं गं. दार लावून कागद टेबलावर ठेवला आणि पहिल्या ओळीलाच भिंग खाली ठेवलं. हा बाळचा हात नाही. अक्षर बारीक बारीक होत गेलंय, रेघ जागोजागी थरथरते. मधेच पेन उचललंय, पुन्हा त्याच जागी टेकवून रेघ जोडलीय. दुसऱ्याचं अक्षर समोर ठेवून भीत भीत उतरवणारा माणूस असंच लिहितो. नव्याने कामाला आलेल्या माणसालाही आम्ही पहिल्या दिवशी हेच शिकवतो. तरी माझ्या डोळ्यांवर विश्वास नको म्हणून शेजारच्या टेबलावरच्या बाईंना नुसती खालची सही दाखवली, कोणाची ते न सांगता. त्यांनी चष्मासुद्धा चढवला नाही. म्हणाल्या, नकली.

मजकूर मात्र छान जुळवलाय. ‘माझ्यासाठी पेन वाकडं करू नकोस.’ वाचून डोळ्यांत पाणी आलं, आणि मग आणखीच संताप झाला, की माझ्या भावाच्या तोंडचे शब्द कोणीतरी दुसऱ्या हाताने माझ्यापुढे मांडतंय. आमच्याकडे खोट्या सहीवर ‘अमान्य’ असा लाल शिक्का मारतात. तो मी त्या कागदावर मारलाय. बघा आणि काय वाटायची ती लाज वाटू द्या.

पण बेबी, राग एकीकडे. दोन दिवस मला दुसरंच काहीतरी सुचतंय आणि ते लिहायलाही भीती वाटते. त्याला चार ओळी स्वतः का लिहिता येऊ नयेत? तो घरी आहे ना? तुमचं काही बिनसलंय का? फोन केला तर तू म्हणतेस झोपलेत, फिरायला गेलेत, न्हाणीघरात आहेत. माझा भाऊ कुठे आहे ते मला सांग.

वन्सं


९ मार्च

वन्सं,

हे पत्र मी एकदाच लिहितेय. खाडाखोड दिसेल ती चालवून घ्या.

पाकिटावर नाव माझं होतं, पण तुमच्या उत्तराची वाट हे माझ्यापेक्षा जास्त बघत होते. त्यांनीच ते फोडलं. आतून आधी तो कागद निघाला. त्यावरचा लाल शिक्का त्यांनी वाचला, मग तुमचं पत्र वाचलं. मी दारात उभी होते. मला वाटलं, आता हे काहीतरी फेकतील. तर म्हणाले, “ताईचं बरोबर आहे. हा माझा हात नाहीच.” आणि कागद नीट घडी करून ठेवला.

ते पत्र यांनीच लिहिलंय हो. त्या चार ओळींना पूर्ण दिवस लागला. मी पाठ धरून उभी, डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरायचं, दोन शब्द झाले की थांबायचं. किती कागद फाडले ते विचारू नका. हातमोज्यातला तो हात, वन्सं, ज्याच्यापुढे चेंडू थांबायचा! आता त्याला पेन धरता येत नाही. कंपवात आहे. आधी नुसता अंगठा हलायचा, मग पंजा, आता खांद्यापर्यंत आलंय. डॉक्टर म्हणतात औषधाने सावकाश वाढेल, पण वाढेल. बटणं लागत नाहीत म्हणून चिकटपट्टी, नाड्या बांधता येत नाहीत म्हणून तसे बूट. भरलेला कप ओठापर्यंत जात नाही. तुम्ही त्याला हौस म्हणालात. तुमचा तरी काय दोष, मीच तसं लिहिलं होतं.

आणि यंत्र. हो, आहे. मागच्या खोलीत आहे, मोटरचा आवाज येतो, तुम्ही म्हणालात तसाच. पण ते आधी आलं नाही. आजार कळल्यावरही यांनी कितीतरी दिवस हातानेच सह्या केल्या, जशा येतील तशा. पोरांची पत्रं बिनउत्तराची ठेवायची नाहीत हा हट्ट. मग एक दिवस कार्ड परत आलं. कोणा मुलाच्या आईने लिहिलं होतं, ‘दुसऱ्या कोणाकडून सही करून घेतलीत, मुलाचा हिरमोड झाला.’ मग आणखी एक आलं. त्यानंतर मॅनेजर ते यंत्र घेऊन आला आणि जुन्या सहीवरून त्याला वळण शिकवलं. ती कार्डं गेली तशी लोकांची आभाराची पत्रं यायला लागली. हे ती वाचायचे आणि नुसते हसायचे. मला ते हसू बघवायचं नाही.

सगळ्या जगाला सांगू, पण ताईला नको, असं म्हणायचे. ती हात बघून माणूस ओळखते, तिला हा हात दाखवायचा नाही. तुम्ही पत्र मागितलंत तेव्हा मी म्हटलं, टाळू या. तर म्हणाले, नाही, ताईने मागितलंय, ती ओळखेल. ते तुम्हालाच घाबरत होते आणि त्यांना भरवसाही तुमचाच होता.

रागावू नका, मला तुमचा राग आलाय. लहान आहे, तरी बोलते. तुम्हाला रेघ दिसली, रेघेमागचं दिसलं नाही.

आणि आता पदर पसरते. त्या कार्डांवर ‘हाताची’ असं लिहा. कोणाला कळणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची. हे मी यांना न विचारता लिहितेय.

बेबी


१४ मार्च

बेबी,

तुझं पत्र ऑफिसात आलं. मी ते वाचलं आणि जिन्यात जाऊन बसले. लोक बाजूने चढत-उतरत होते. शेवटी शिपाई पाणी घेऊन आला.

मी बाळवर शिक्का मारला. शिकवायला बसले तेव्हा तो पेन मुठीत धरायचा, मी एकेक बोट सोडवून नीट धरायला लावायची. त्या बोटांनी दिवसभर झगडून चार ओळी लिहिल्या, आणि त्या मी शेजारच्या टेबलावर नेऊन नकली ठरवून आणल्या. मला हे कोणी केलं असतं तर मी त्याचं तोंड बघितलं नसतं. तो मला कधी पुन्हा लिहील का, हे विचारायलाही मला तोंड उरलेलं नाही.

तुझा राग मी डोक्यावर घेते. लहान असलीस तरी बरोबर बोललीस.

आता कार्डांचं. तुझ्यापासून लपवत नाही, ‘हाताची’ लिहायला मी पेन उचललं होतं. त्याच्यासाठी मी खोटं लिहिलं असतं. पण लिहून झाल्यावर काय झालं असतं बघ. यादीत छापलं गेलं असतं की त्या यंत्राची सही म्हणजे कुलपाची खरी सही. मग यापुढे त्याने स्वतःच्या हाताने जे काही लिहिलं असतं ते जन्मभर खोटं ठरलं असतं, आणि ठरवणारी मी. ते मला जमलं नाही. मी साहेबांसमोर गेले आणि सांगितलं की हा माझा भाऊ आहे, ही कार्डं माझ्याकडून काढून घ्या. साहेबांनी गठ्ठा स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाले, आधी सांगायला हवं होतं. गठ्ठा आता बाहेरच्या तपासनिसाकडे गेलाय. बेबी, त्याला सापडणारच. दिव्यावर दोन कार्डं ठेवायचा अवकाश आहे.

म्हणून यादी छापून यायच्या आत बाळने स्वतः सांगावं. दुसऱ्याने उघडं पाडलं तर तो लबाड ठरेल. स्वतः सांगितलं तर लोक काय म्हणतील मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, उगाच धीर द्यायला काही लिहीत नाही. मला भीतीच वाटते. लोक वाईट बोलतील, पेपरवाले ती मुलाखत उकरून काढतील. पण त्याने मला जे लिहिलं तेच मी त्याला परत सांगते: जे आहे तेच दाखव.

त्याला माझं हे पत्र वाचून दाखव. किंवा नको दाखवूस. तुला ठीक वाटेल ते कर.

वन्सं


३० मार्च

वन्सं,

पत्राला उशीर झाला, कारण घरात माणसांची रीघ लागली होती. फोन तर मी काढूनच ठेवलाय. तुम्ही केला असेल आणि लागला नसेल तर वाईट वाटून घेऊ नका.

तुमचं पत्र मी वाचून दाखवलं. जिन्याचं आलं तेव्हा मी कागद त्यांच्यापुढे ठेवला, तेवढं त्यांनी स्वतः वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, “क्लबात कळव, मी येतोय. माझं कार्ड ज्यांच्याकडे असेल त्यांनी ते घेऊन यावं.” मॅनेजर धावत आला. म्हणाला, साहेब, गुडघ्यांचंच चालू ठेवू या, कार्डं बंद करू, यंत्र विकून टाकू, कोण विचारतंय! यांनी त्याला चहा दिला आणि दार दाखवलं.

क्लबाच्या मैदानाकडेला एक टेबल टाकलं होतं. पेपरवाले होते, जुने खेळाडू होते, बरेच लोक हातात कार्डं घेऊन आले होते. यांनी उजवा हात टेबलावर ठेवला, नेहमी खिशात कोंबून ठेवतात तो, आणि म्हणाले, “हा असा झालाय. म्हणून सह्या यंत्राने केल्या. ज्याने ज्याने कार्ड आणलंय त्याला मागच्या बाजूला या हाताने सही करून देतो. वेळ लागेल. ज्याला नको असेल त्याने खुशाल जावं.” पुष्कळ जण गेले, वन्सं. खोटं कशाला सांगू? एकाने कार्ड टेबलावर टाकलं आणि ती मुलाखत त्यांच्या तोंडावर ऐकवली. पेपरातही तेच छापून आलंय, तुम्ही वाचलं असेलच. हे खाली मान घालून बसले होते. मला धरणी दुभंगावी असं झालं होतं.

पण रांग होती. एकेका सहीला चहा निवेल एवढा वेळ. कोणी घाई केली नाही. मधे एक चष्मेवाले गृहस्थ आले, त्यांनी सही उजेडात धरली, पुढची बघितली, मागची बघितली आणि म्हणाले, “रागावू नका हं, पण ही सही तुमची वाटत नाही.” हे वर बघून म्हणाले, “तुमचं बरोबर आहे. माझ्या सख्ख्या बहिणीलाही वाटली नव्हती, आणि ती तर यातली जाणकार आहे.” आधी कोणाला कळेना हसावं की काय. मग हेच हसले. इतक्या दिवसांनी असे मोकळे हसले, मग बाकीचे हसले. त्या गृहस्थांनी कार्ड खिशात घातलं आणि यांचा तोच हात दोन्ही हातांत धरला.

दिवस मावळायच्या आत दमले. राहिलेल्यांना पुढच्या आठवड्यात बोलावलंय. हात आता आणखी थरथरतो, डॉक्टर रागावले. चांगलं झालं की वाईट ते मला अजून ठरवता येत नाही. रात्री झोप लागते, एवढं खरं.

खालच्या ओळींसाठी जागा सोडायला सांगितलीय. मी मदत करायची नाही म्हणतात.

बेबी


ताई,

हे मी लिहितोय. टपालाने तुला पटायचं नाही. समोर बसून बघ.

हात चालतोय तोवर ये.

बाळ